पंप गिझरच्या आधी की नंतर?

गरम पाणी मंद येतं म्हणून गिझरच्या आउटलेटला पंप लावायचा बेत असेल, तर तो आधी थांबवा. गार नळ धो धो वाहतोय ना? मग दोष गच्चीवरच्या टाकीचा नाही. गिझरच्या इनलेटचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा मिक्सरची (गार-गरम एकत्र करणाऱ्या नळाची) जाळी क्षाराने चोंदली असेल. जे चोंदलं असेल ते उघडून साफ करा.

दोन्ही नळ मंद असतील तर टाकीच पुरेशा उंचीवर नाही. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब, म्हणजे शॉवरपासून टाकी 2 मीटर वर असेल तर जेमतेम 0.2 बार. प्रेशर पंप गार-गरम फाटा फुटण्याआधीच बसवा. फक्त गार लाइनीवर लावलात, तर मिक्सरमधून गार पाणी उलटं गरम लाइनीत घुसतं. गिझरच्या पाटीवरचा कमाल दाबही बघा.

सोलर हीटरचं गणित मात्र उलटं: बिनदाबाच्या (दाब न पेलणाऱ्या) टाकीच्या इनलेटला पंप लावलात, तर व्हेंटमधून (हवेच्या नळीतून) पाणी उडतं, टाकीही गळू शकते. तिथे गरम पाण्याला चालणारा पंप आउटलेटवरच.