सिलिकॉन कापण्याऐवजी वायूतून त्याचा थर वाढवला तर सोलर स्वस्त होईल?

पाषाणकर:
पुण्यात गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवायला अनुदान धरलं नाही तर दीड-दोन लाख लागतात. ते खाली आणायचं तर सेल बनवण्याची रीतच बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आज सिलिकॉन १४१४ अंशांना वितळवायचं, त्याचा ठोकळा ओढायचा आणि हिऱ्याचे कण लावलेल्या तारेने जेमतेम १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकत्या, म्हणजे वेफर, कापायच्या. कापताना बराच माल भुसा होऊन जातो. त्यापेक्षा ट्रायक्लोरोसिलेन या सिलिकॉनयुक्त वायूपासून सच्छिद्र सिलिकॉनवर स्फटिकाचा थर वाढवा आणि सोलून घ्या. खालचा तळ पुन्हा वापरता येतो, करवत लागतच नाही.

गच्चीवाला:
साफ असहमत. हिशेब करा. एका वॉटला भुशासकट दोन-सव्वादोन ग्रॅम सिलिकॉन लागतं, म्हणजे ३ किलोवॉटला साधारण साडेसहा किलो. किलोला १० डॉलर धरले तरी सहा हजारांच्या आसपास. सगळं फुकट मिळालं तरी दोन लाखांतले तेवढेच वाचतील. उरलेले पैसे काच, अॅल्युमिनियमची फ्रेम, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, वायरिंग आणि मजुरीत जातात.

पाषाणकर:
हा भाव आजचा. २००८मध्ये तोच ४०० डॉलरच्या पुढे गेला होता, २०२२मध्येही तिशी ओलांडली. आणि जगातल्या बहुतेक चकत्या चीनमध्ये बनतात. आपल्याला तिथल्या भावावर कायम अवलंबून राहायचंय का? रिलायन्सने २०२१मध्ये जर्मनीच्या नेक्सवेफ कंपनीत पैसे घातले, ते याच तंत्रासाठी.

प्रकाशवेडी:
'थर' या शब्दात वेगवेगळ्या गोष्टी येतात, त्या एकत्र कोंबू नका. सोलून काढलेली चकती शंभरेक मायक्रॉनची असली तर ती नेहमीच्या सेलसारखीच चालते. पण थर १० मायक्रॉनवर आणलात की लाल प्रकाशाचा काही भाग आणि अवरक्त प्रकाशाचा बराचसा भाग आरपार निघून जातो, कारण सिलिकॉन तो फार हळू शोषतं. मग पृष्ठभाग खडबडीत करून प्रकाश आत खेळवावा लागतो. काचेवर स्वस्तात बसवलेलं अस्फटिकी सिलिकॉन (ज्यातले अणू स्फटिकासारखे ओळीत नसतात) आणखी वेगळं. ते उन्हातच आपली काही कार्यक्षमता गमावतं; उजेडाने त्याची वीजवाहकता घटते, हे १९७७मध्येच स्टेब्लर आणि व्रोन्स्की या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

गच्चीवाला:
नेमकं हेच! कार्यक्षमता निम्मी झाली की जागा दुप्पट लागते, सांगाडा आणि मजुरीही वाढते. कोथरूडच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या सोडून उरतं किती?

पाषाणकर:
म्हणून तर मी अस्फटिकी नाही, सोललेल्या चकतीबद्दल बोलतोय. तिला जागा तेवढीच लागते.

गच्चीवाला:
मग वेगाचं बोला. दिवसाला लाखो चकत्या कापणाऱ्या कारखान्याशी वायूतून थर वाढवणारी भट्टी प्रति वॉट किती रुपयांत टक्कर देईल, तो आकडा द्या.