फ्लाइटगिअर (विमान उडवण्याचा सिम्युलेटर): सेसना १७२ च्या इंजिनाचा आवाज बदलताना टकटक येते

म्हापसेकर: दाबोळीहून उड्डाण करताना मूळ आवाज पुळचट वाटतो, म्हणून २४०० आरपीएमचं रेकॉर्डिंग टाकलं. पण दर तीन सेकंदांनी ‘टक्’ होतं आणि आयडलला (इंजिन सर्वात कमी वेगात चालू असताना) नुसती घरघर येते. बाहेरून बघताना विमान लांब गेलं तरी आवाज तेवढाच. काय चुकतंय?

फोंडा_हँगर: बाब, तीन वेगळे दोष आहेत. टक् येते कारण लूपची, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची, दोन टोकं जुळत नाहीत. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये तुकडा निवडून झेड दाबा, म्हणजे टोकं शून्य रेषेवर सरकतात. तेवढ्याने भागलं नाही तर शेवटचे ५० मिलिसेकंद सुरुवातीवर क्रॉसफेड करा, म्हणजे एक आवाज उतरवत दुसरा चढवा. आवाज अंतराप्रमाणे कमी होत नाही, म्हणजे फाइल स्टिरिओ असणार. ती मोनो (एकाच चॅनेलची), १६ बिट डब्ल्यूएव्ही करा.

घरघर मात्र गणिताची. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे फेरीमागे दोन स्फोट: २४०० ला ८० हर्ट्झ, ७०० ला जेमतेम २३. एकच फाइल एवढी खाली ताणली की चिखल होतो. आयडलचं वेगळं रेकॉर्डिंग हवंच. आवाजाच्या एक्सएमएल फाइलमध्ये पिच फॅक्टर (आरपीएमला गुणून आवाजाची पट्टी ठरवणारा आकडा) = १ भागिले रेकॉर्डिंगचा आरपीएम: २४०० साठी ०.०००४१७, ७०० साठी ०.००१४३, ऑफसेट (त्यात मिळवायचा आकडा) शून्य. १२०० ते १५०० दरम्यान एकाचा व्हॉल्यूम उतरवत दुसऱ्याचा चढवा.

म्हापसेकर: टक् गेली! पण एक्सएमएल बदलल्यावर सगळंच मुकं झालं.

पेडणे_टॉवर: एखादा टॅग बंद करायचा राहिला असेल, नाहीतर फाइलच्या नावात कॅपिटल अक्षराचा घोळ. लिनक्सवर तो हमखास नडतो.