फादर लाफाँ: फक्त बोसांचे सर?

फादर यूजीन लाफाँ म्हणजे 'जगदीशचंद्र बोसांचे सर', एवढंच कुणीतरी लिहिलेलं वाचलं. चूक नाही, पण फारच तोकडं आहे.

बेल्जियममधल्या मॉन्सला १८३७ मध्ये जन्मलेले हे जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे पाद्री) १८६५ साली कोलकात्यात आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात विज्ञान शिकवू लागले. भर सगळा प्रयोग दाखवण्यावर. कॉलेजात ते हवामानाच्या नोंदी ठेवत. त्यांवरूनच १८६७ च्या चक्रीवादळाचा इशारा त्यांनी आधी दिला होता. १८७४ ला शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणं) पाहिलं आणि पुढच्याच वर्षी कॉलेजात वेधशाळा उभी राहिली.

मला मात्र सगळ्यात भारी वाटते ती डॉ. महेंद्रलाल सरकारांशी त्यांची जोडी. एक कॅथलिक पाद्री, दुसरे होमिओपॅथीकडे वळलेले डॉक्टर, आणि दोघं मिळून सामान्य लोकांना विज्ञान शिकवायला निघालेले! १८७६ मध्ये सरकारांनी काढलेल्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'मध्ये लाफाँ वर्षानुवर्षं व्याख्यानं देत राहिले. रामन यांचं नोबेलचं काम याच संस्थेतलं. ते बघायला लाफाँ नव्हते. १९०८ मध्येच दार्जिलिंगला वारले.