मदत हवी आहे: मेनच्या जंगलातली दोन वाफेची इंजिनं, ७२ वर्षांच्या बाबांना घेऊन कसं पोचायचं?

नमस्कार मंडळी,

मी बॉस्टनजवळ राहते. मेन राज्याच्या उत्तरेला अॅलागॅशच्या जंगलात कुणी जाऊन आलंय का? मला तिथली दोन बेवारस वाफेची इंजिनं बघायचीयेत, म्हणजे खरं तर बाबांना दाखवायचीयेत. एकदा मी स्वतः प्रयत्न केला आणि अर्ध्यातून परत आले, त्यामुळे आता ज्यांना वाट माहिती आहे त्यांनाच विचारावं म्हटलं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, चेंबरलेन लेक आणि ईगल लेक या दोन तळ्यांच्या मधल्या रानात ही इंजिनं उभी आहेत. जवळपास गाव सोडा, साधा डांबरी रस्तापण नाही. एक इंजिन १८९७ चं आणि दुसरं, मोठं, १९०१ चं. १९३३ ला लाइन बंद पडली तेव्हा इंजिनं शेडमध्ये लावली आणि माणसं निघून गेली, परत न्यायला कुणी आलंच नाही. १९६९ मध्ये ती शेडपण जळाली, तेव्हापासून दोघं उघड्यावर ऊनपाऊस आणि बर्फ खातायत.

बाबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला होते, सुरुवातीची कितीतरी वर्षं बॉयलरवर. बार्शी लाइट या आपल्या नॅरोगेज रेल्वेची छोटी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलीयेत. मी त्यांना फोटो पाठवला आणि १८९७ सांगितलं तर म्हणाले, अगं बार्शी लाइट त्याच वर्षी सुरू झाली की! मग पंधरा मिनिटं फोनवर तेच. स्मोकबॉक्सचं, म्हणजे पुढच्या धुराच्या पेटीचं दार कसं लटकलंय, बॉयलरवरचा पत्रा कुठे गेला, नळ्या दिसतात का, झूम करून दाखव. आई गेल्यापासून त्यांचा आवाज एवढा मोकळा मी ऐकला नव्हता.

त्यांचा पहिला प्रश्न होता, एवढ्या आडरानात लाइन टाकली कशाला? मी शोधून शोधून वाचलं ते असं. ईगल लेकचं पाणी उत्तरेला वाहतं, सेंट जॉन नदीतून कॅनडाकडे. गिरण्या मात्र दक्षिणेला, पेनॉब्स्कॉट नदीवर. लाकूड नदीतून वाहून न्यायचे दिवस होते, त्यामुळे पाणी जिकडे जाईल तिकडे लाकूड जाणार. १८४१ मध्ये धरण बांधून आणि टेलॉस तळ्याजवळ चर खणून चेंबरलेनचं पाणी दक्षिणेला वळवलं, पण ईगल लेकचं लाकूड तरीही मधली जमीन ओलांडून आणावं लागायचंच. त्यासाठी १९०३ ते १९०७ तिथे एक ट्रॅमवे चालला, ३,००० फूट लांब, वाफेवर फिरणारी एक अखंड तार आणि त्यावर ओंडके. आणि नंतर १९२७ मध्ये कागदाच्या लाकडासाठी ही रेल्वे, ईगल लेकपासून अम्बाझूक्सस लेकपर्यंत, जेमतेम १३ मैल. क्वीबेकचा एदुआर लाक्रुआ नावाचा लाकूडवाला, त्याने ती बांधली. लाकूड अम्बाझूक्ससला पाण्यात ओतायचे, तिथून ते मिलिनॉकेटच्या कागद गिरणीला. सगळा संसार सहा वर्षांचा. इंजिनंपण हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून लॉम्बार्ड ट्रॅक्टरने, म्हणजे ओंडके ओढायच्या पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राने, ओढत आणलेली. बाबा म्हणाले आणताना बर्फ होता, न्यायला पैसा नव्हता, एवढंच झालं असणार.

आता माझं काय चुकलं ते सांगते म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि एक मैत्रीण पश्चिमेकडून गेलो, कारण फोनच्या नकाशावर त्या बाजूने लाकूडवाल्यांचा कच्चा रस्ता पार तळ्यापर्यंत दाखवत होता. प्रत्यक्षात शेवटच्या दोनेक मैलांत रस्ता नव्हताच, आल्डरची झुडपं डोक्याच्या वर, गाडी सोडून चालत निघालो. फोनला रेंज नाही ती नाहीच. तासाभराने पायाखाली काहीतरी वेगळं वाटायला लागलं. वरून सगळं शेवाळ, हिरवी गादी, पण दर दीड-दोन फुटांवर पाय जरा वर यायचा, परत खाली, परत वर. मी वाकून शेवाळ बाजूला केलं तर खाली लाकूड, हातात घेतलं तर ओल्या भाकरीसारखं तुटत होतं, आणि त्याच्या कडेला गंजून जाड झालेला एक डॉग स्पाइक, म्हणजे रूळ ठोकायचा खिळा. आम्ही रेल्वेच्या स्लीपरवरून चालत होतो! स्पाइक तिथेच ठेवला, वर शेवाळ परत ओढलं. बाबांना नंतर व्हिडिओ दाखवला तर माझ्या पायाकडे बघूनच म्हणाले, स्लीपर आहेत, चाल बघ तुझी.

मग काय, आम्ही खूष, आता ही लाइन सरळ इंजिनापर्यंत नेणार. तर अजून अर्ध्या तासाने झाडं संपली आणि समोर पाणी. पाण्यात काळ्या खुंटांची एक ओळ, पलीकडच्या काठाकडे गेलेली. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की तिथे अॅलागॅश स्ट्रीम नावाचा ओढा चेंबरलेन तळ्याला मिळतो आणि त्यावर १,५०० फुटांचा लाकडी पूल होता. इंजिनं त्या पलीकडच्या बाजूला. दुपारचे तीन वाजले होते, अंधाराच्या आत गाडीपाशी पोचायचं होतं, आम्ही मागे फिरलो. पलीकडचा काठ दिसत होता म्हणून जास्त वाईट वाटलं.

या वर्षी बाबा जूनमध्ये आलेत, ऑक्टोबरच्या शेवटी परत जातील. तब्येत तशी चांगली आहे, रोज दोन-तीन मैल चालतात, पण उजवा गुडघा दुखतो आणि चढ-उतार, ओंडके ओलांडणं जमणार नाही. पुढच्या वर्षी व्हिसा, विमान, गुडघा सगळं जमेल असं मी धरून चालत नाही. त्यामुळे:

तळ्याच्या दक्षिण टोकाच्या चेंबरलेन ब्रिजपासून तळ्यातून गेलं तर किती वेळ लागतो आणि कनू (वल्ह्याची होडी) न चालवता जाता येतं का? उतरल्यावर चालायची वाट कशी आहे? सप्टेंबरचा तिसरा आठवडा ठीक का? आणि बाबांचा स्वतःचा एक प्रश्न आहे, तो त्यांच्याच शब्दांत (फायरबॉक्स म्हणजे इंजिनाची भट्टी): "ही इंजिनं तेलावर चालायची असं वाचलं, मग फायरबॉक्सच्या आत विटांचं अस्तर असणार. कुणी आत बॅटरी मारून बघितलंय का?"

प्रतिसाद १
ताई, पश्चिमेकडून परत जाऊ नका. आम्ही तीन वर्षांपूर्वी चेंबरलेन ब्रिजवरून कनूने गेलो होतो. तळं लांबुळकं आहे आणि वायव्येचा वारा सुटला की लाटा समुद्रासारख्या येतात, आम्हाला पहिला दिवस काठावर बसूनच काढावा लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा पाणी आरशासारखं होतं. वेळ कितीही लागू दे, जाताना सकाळचीच धरा. ट्रॅमवेच्या जागी उतरायचं, तिथून वाट जवळजवळ सपाट आहे, जुन्या ट्रॅमवेच्याच रेषेत. वाटेत ती जाड तार अजून पडलेली दिसते, गंजलेल्या सापासारखी, बाबांना तिथेच अर्धा तास लागेल. पाऊस पडून गेला असेल तर मुळं फार निसरडी होतात, काठी घ्या.

प्रतिसाद २
वडिलांसाठी मोटरबोट. चेंबरलेन लेकवर मोटर चालते. मेनमध्ये राज्याचं लायसन असलेले गाइड असतात, मिलिनॉकेट किंवा ग्रीनव्हिलला चौकशी करा, "इंजिनं बघायचीत, सोबत वयस्कर माणूस आहे" एवढं सांगितलं की पुरे. पैसे वाचवायला जाऊ नका, त्याला वारा कळतो. जंगलात शिरताना गेटवर नाव-पत्ता लिहून फी भरावी लागते, रोख ठेवा. मिलिनॉकेटला टाकी फुल, पुढे पंपाचा भरवसा धरू नका. लाकडाचा ट्रक समोरून आला की तुम्ही कडेला थांबायचं, त्या रस्त्यांवर पहिला हक्क त्यांचा. आणि फोनवर विसंबू नका, डिलॉर्मचा कागदी नकाशा घ्याच.

प्रतिसाद ३
मी फेब्रुवारीत स्नोमोबाइलने गेलोय, इंजिनांवर चार फूट बर्फ होता, फक्त घुमट आणि धुराडं वर. सुंदर दिसतं पण काकांना त्यातलं काहीच बघता येणार नाही. सप्टेंबरच बरा. काळ्या माश्या मे-जूनमध्ये छळतात, तेव्हा नसतील. फायरबॉक्सचं मी बघितलं नाही, आता चुटपुट लागली.

धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. गाइडशी बोलणं झालं, १७ सप्टेंबर ठरलाय, १८ आणि १९ वाऱ्यासाठी राखून ठेवलेत. मिलिनॉकेटला मुक्काम करून पहाटे चारला निघणार. बाबांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. तारेचं ऐकून त्यांनी लगेच विचारलं की जाडी किती, मी म्हटलं तुम्हीच मोजा, तर मोजपट्टी काढून ठेवलीये, बॅटरीचे सेल बदललेत, आणि फायरबॉक्समध्ये वाकायला जमावं म्हणून सकाळ-संध्याकाळ गुडघ्याचे व्यायाम चाललेत.

एकच राहिलं. प्रतिसाद १, त्या सपाट वाटेवर मधे टेकायला एखादा मोठा ओंडका वगैरे आहे का, की घडीचं स्टूल घेऊन येऊ?