पिल्लांवरचा ॲट्रोपिनचा प्रयोग : सलाइनच्या गटातही मायोपिया कमी का?

प्रश्न
व्हाइट लेगहॉर्न पिल्लं, वय 7 दिवस. उजव्या डोळ्यावर डिफ्युझर (व्हेलक्रोवर बसवलेली धुरकट टोपी; दृश्य अस्पष्ट झालं की डोळा लांबतो आणि मायोपिया, म्हणजे लघुदृष्टी, येतो), डावा उघडा. एक दिवसाआड उजव्या व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या आतल्या जेलीत) 10 मायक्रोलिटरचं इंजेक्शन : एका गटाला ॲट्रोपिन सल्फेट (मायोपिया रोखणारं औषध) 250 मायक्रोग्रॅम, दुसऱ्याला सलाइन, तिसऱ्याला नुसता डिफ्युझर. आठवड्याने ॲट्रोपिनच्या गटात मायोपिया फारच कमी, ते अपेक्षितच. पण सलाइनच्या गटातही नुसत्या डिफ्युझरपेक्षा कमी भरतो. कुठे चुकतंय? आणि ‘फोकसिंग थांबल्यामुळे डोळा लांबत नाही’ असं कारण लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद 1
औषधाची तुलना सलाइनशीच करा, पण आधी टोपी किती वेळ निघते ते घड्याळ लावून मोजा. हा मायोपिया थोड्याशा स्पष्ट दृष्टीनेही मोडतो. दिवसात थोडा वेळ टोपी काढली तरी तो बराच कमी होऊ शकतो, आणि 15,000 लक्सच्या (फार प्रखर) उजेडात रोज 15 मिनिटंही परिणाम दाखवतात. इंजेक्शनच्या टेबलावरचा प्रखर दिवा म्हणजे नकळत दिलेला उपचारच. तिसऱ्या गटालाही तेवढाच वेळ आयसोफ्लुरेन (भुलीचा वायू) द्या, टोपी तेवढाच वेळ काढा, उजेड मंद ठेवा आणि पिल्लू शुद्धीवर यायच्या आत टोपी परत बसवा.

दुसरी शंका गळतीची. 30 गेजची सुई, हळू ढकलणं, आणि बाहेर काढण्याआधी काही सेकंद थांबणं. सुई भिंगाला लागली तर मोतीबिंदू होतो. तो डोळा आकडेवारीतून काढा आणि काढल्याची नोंद ठेवा.

प्रतिसाद 2
फोकसिंगचं कारण मुळीच लिहू नका. कोंबडीच्या बुबुळाचे आणि सिलिअरी (फोकस बदलणारे) स्नायू रेषांकित, म्हणजे हातापायांच्या स्नायूंसारखे, असतात; त्यांवर निकोटिनिक रिसेप्टर (ॲसिटिलकोलिन हा रासायनिक संदेश घेणाऱ्या जागांचा एक प्रकार). ॲट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टर (त्याच संदेशाच्या जागांचा दुसरा प्रकार) अडवतं, त्यामुळे पिल्लाची बाहुलीसुद्धा त्याने विस्फारत नाही (ती विस्फारायला व्हेक्युरोनियम, म्हणजे निकोटिनिक रिसेप्टर अडवणारं औषध, लागतं). तरीही डोळ्याची वाढ थांबते, हे मॅकब्रायन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये नेमकं पिल्लांवरच दाखवलं.

प्रतिसाद 3
मात्रेचं गणितही मांडा. 10 मायक्रोलिटरमध्ये 250 मायक्रोग्रॅम म्हणजे 2.5 टक्के द्रावण. व्हिट्रियस 200 मायक्रोलिटर धरला तरी आत तीनेक मिलीमोलर होतं. मस्करिनिक रिसेप्टर नॅनोमोलरमध्येच, म्हणजे याच्या लाखो पट कमी प्रमाणात, भरतात! एवढ्या मात्रेत ॲट्रोपिन अल्फा-2ए ॲड्रेनर्जिक रिसेप्टरलाही (ॲड्रेनलिनसारख्या संदेशांच्या जागेलाही) चिकटतं, म्हणून या एका औषधावरून ‘मस्करिनिक यंत्रणा सिद्ध’ म्हणता येत नाही. एमटी3 हे मस्करिनिक रिसेप्टरांपैकी मुख्यतः एम4 या प्रकाराला अडवणारं मांबा सापाचं विष खूपच कमी मात्रेत मायोपिया रोखतं. मस्करिनिक बाजू मांडायची असेल तर तो गट जोडा. किमान ॲट्रोपिनच्याच तीन-चार मात्रा तरी घ्या.

द्रावण ताजं करा. पीएच तपासून 7 च्या आसपास आणा. फार अल्कलीत ॲट्रोपिन विघटित होतं. आणि नुसत्या डायॉप्टरवर (चष्म्याच्या नंबरवर) थांबू नका : ए-स्कॅनने (डोळ्यातली अंतरं मोजणाऱ्या अल्ट्रासाउंडने) व्हिट्रियसची खोली आणि कोरॉइडची (दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराची) जाडी वेगवेगळी मोजा, रोज एकाच वेळी. या दोन्हींना दिवसरात्रीची लय असते, सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक माप जुळणार नाही.