दिग्दर्शनाच्या मोफत कार्यशाळेचा अर्ज: कोणती फिल्म पाठवू आणि निवेदनात काय लिहू?

कंटिन्यूटी_वही:

नमस्कार मंडळी,

नवोदित दिग्दर्शकांसाठीच्या एका कार्यशाळेचा अर्ज भरते आहे. फी अजिबात नाही, जागा मात्र मोजक्या. मुदत संपायला १९ दिवस उरलेत आणि मी अडकून बसले आहे. ज्यांनी असे अर्ज भरलेत किंवा निवड समितीत बसून वाचलेत, त्यांनी कृपया सांगा.

आधी माझ्याबद्दल, कारण अडचणी त्यातूनच आल्यात. सात वर्षं स्क्रिप्ट सुपरवायझरचं काम करते, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना यावर नजर ठेवते. सेटवर मला नावाने कुणी हाक मारत नाही, ‘कंटिन्यूटी’ म्हणूनच बोलावतात. कितवा टेक ओके झाला, पेला भरलेला होता की अर्धा, नटाने कुठल्या शब्दावर मान वळवली, हे सगळं माझ्या वहीत असतं. फिल्म स्कूलला गेलेले नाही. स्वतः दिग्दर्शित केलेल्या गोष्टी दोनच.

पहिली, ४ मिनिटांची प्रायोजित फिल्म. मोठं युनिट, भारी कॅमेरा, सुरेख रंग. पण कथा, कलाकार, बऱ्याचशा फ्रेम आधीच ठरलेल्या होत्या. मी ती नीट पार पाडली, एवढंच.

दुसरा, १३ मिनिटांचा लघुपट. विकलेल्या घराची चावी नव्या मालकांना द्यायला आलेली बाई, बस इतकीच गोष्ट. पाच जणांनी मिळून दोन दिवसांत केला. हा माझा आहे. त्यातला शब्द न् शब्द, थांबा न् थांबा माझा आहे. पण आवाज वाईट. स्वयंपाकघरातल्या तिन्ही सीनमध्ये फ्रिजची घरघर आहे, आणि कट आला की ती घरघरही बदलते. मला ऐकवत नाही.

नमुना एकच पाठवायचाय. कुठला पाठवू?

दुसरं, ५०० शब्दांचं दिग्दर्शकीय निवेदन. चार मसुदे झाले. चारही ‘लहानपणापासून मला सिनेमाची ओढ’ इथून सुरू होतात आणि सात वर्षांच्या कष्टांवर येऊन थांबतात. खोटं एकही वाक्य नाही, तरी वाचताना ते कुणाचंही वाटतं.

तिसरं, शिफारसपत्रं. एक नावाजलेले दिग्दर्शक पत्र द्यायला तयार आहेत, पण त्यांच्या युनिटमध्ये मी जेमतेम ११ दिवस होते. दुसरीकडे माझ्या लघुपटाची एडिटर आहे. तिचं नाव कुणाला माहीत नाही, पण माझं काम तिच्याइतकं कुणीच जवळून पाहिलेलं नाही.

आणि मोफत म्हणजे नेमकं काय काय मोफत असतं?

—

तिसरी_खेप:

सविस्तर लिहिते, कारण तुमच्या जागी मी दोनदा होते. दोन वर्षं नकार आला, तिसऱ्या वर्षी निवड झाली. नंतर एकदा प्राथमिक फेरीत अर्ज वाचायचं कामही केलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

फिल्म लघुपटच पाठवा. यात मला जराही शंका नाही. देखणी फिल्म पाहिली की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘यातलं दिग्दर्शकाचं किती?’ रंग सुरेख असले तर ते कॅमेरामनचे आणि कलरिस्टचे, म्हणजे नंतर रंग सुधारणाऱ्याचे. कार्यशाळेला तयार माणूस नको असतो, स्वतःची नजर असलेला माणूस हवा असतो. पण आवाजाचं काम करूनच पाठवा. अंधारी फ्रेम लोक सहन करतात, वाईट आवाज नाही करत. दुसऱ्या मिनिटाला हात पुढच्या अर्जाकडे जातो. आणि सुरुवातीला नावांची लांब पाटी असेल तर ती शेवटी न्या. पहिलं मिनिट फार मोलाचं असतं.

आता निवेदन. इथे माझी दोन वर्षं गेली, म्हणून जरा थांबते.

पहिल्या वर्षीचा माझा मसुदा अगदी तुमच्यासारखा होता. ओढ, कष्ट, स्वप्न. दुसऱ्या वर्षी मी विषयावर लिहिलं: स्थलांतर किती महत्त्वाचा प्रश्न आहे, त्यावर आजवर कसं कुणी बोललं नाही वगैरे. तो लेख म्हणून बरा होता. तिसऱ्या वर्षी माझ्या एडिटरने विचारलं, ‘तू त्या दाराच्या सीनमध्ये मुलाच्या पाठीवर कॅमेरा का ठेवलास, ते लिहिलंयस का कुठे?’ नव्हतं लिहिलं. मग अर्धं निवेदन त्या एकाच शॉटवर लिहिलं. आधी काय ठरवलं होतं, सेटवर काय दिसलं, काय बदललं, आणि त्या बदलाने गोष्ट कुणाची झाली. उरलेल्या अर्ध्यात मला काय जमत नाही ते लिहिलं. मला नटांशी बोलता येत नव्हतं. मी भावना सांगायचे, ‘इथे तू दुखावलेली आहेस’ असं. कृती द्यायला शिकायचं होतं. मुलाखतीत पंचवीस मिनिटं फक्त त्याच दोन गोष्टींवर बोलणं झालं.

अर्ज वाचताना हेच जाणवलं. संघर्ष जवळजवळ प्रत्येकाचा असतो आणि खराही असतो, पण त्याने दिग्दर्शक दिसत नाही. निर्णय सांगितला की दिसतो. ‘मला खूप शिकायचंय’ असं सगळेच लिहितात. ‘तीन पात्रं एका खोलीत असली की मी ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं आणि कसं हलायचं यात अडकते, सगळ्यांना खुर्चीवर बसवून टाकते’ असं लिहिणारी मला अजून आठवते.

शिफारसपत्र एडिटरचं घ्याच. मोठ्या नावाच्या चार गुळगुळीत ओळी आणि जवळच्या माणसाचा एक खरा प्रसंग यात दुसरा जड ठरतो. दिग्दर्शकांचं पत्रही घ्या, पण त्यांना त्या ११ दिवसांतला एखादा ठोस प्रसंग आठवून द्या. तुम्ही त्यांची एखादी चूक वेळेत दाखवली असेलच!

फिल्म स्कूल नाही याची काळजी करू नका. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची स्त्री दिग्दर्शकांसाठीची कार्यशाळा १९७४ साली सुरू झाली, तीही फी न घेता. दिग्दर्शिका लेस्ली लिंका ग्लॅटर तिथे आल्या तेव्हा त्या नृत्यदिग्दर्शिका होत्या. तिथे केलेल्या लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. दिग्दर्शिका सिआन हेडर यांनी त्याच कार्यशाळेत केलेला लघुपट पुढे त्यांच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा गाभा झाला. म्हणून जो विषय आणखी काही वर्षं तुमचा पिच्छा सोडणार नाही, तोच कार्यशाळेत करायच्या फिल्मच्या प्रस्तावात द्या.

—

बूममाइक:

फक्त आवाजापुरतं.

घरघर पूर्ण घालवायच्या नादी लागू नका. नॉइज रिडक्शन (नको असलेला आवाज कमी करणारं सॉफ्टवेअर) जास्त लावलं की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि तो घरघरीपेक्षा वाईट. तुमची खरी अडचण घरघर नाही, ती कटवर बदलते ही आहे. एकसारखा आवाज कान दोन-तीन सेकंदांत विसरतो, बदलणारा विसरत नाही.

तेव्हा असं करा. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर ५०, १०० आणि १५० वर अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच कंपनसंख्या कापणारा) लावून पाहा, ६० चा असेल तर ६० च्या पटीत. मग हलकं नॉइज रिडक्शन. त्यानंतर त्याच स्वयंपाकघराचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीचा असतो तो आवाज, सीनच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग खाली अंथरा. वेगळा रेकॉर्ड केला नसेल तर संवादांच्या मधल्या शांत जागांतून गोळा करा, एखादी तरी सापडेल. संवादाच्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांना छोटे फेड द्या, म्हणजे आवाज हळूच चढू-उतरू द्या. कट ऐकू येणं बंद होईल. एखाद-दुसरं वाक्य अगदीच गेलं असेल तर तेवढंच डब करा, सगळा सीन नको. शेवटी हेडफोनवर ऐका आणि लॅपटॉपच्या स्पीकरवरही, कारण वाचणारे बहुतेक लॅपटॉपवरच पाहतात. चार दिवसांचं काम आहे.

पुढच्या वेळी फ्रिज बंद करून गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा. आमच्यातली जुनी सवय आहे. चावी घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत सुरू करायचं कुणी विसरत नाही.

—

प्रॉडक्शन_शीट:

मोफत म्हणजे शिकवणीची फी नाही. प्रवास, राहणं, जेवण आणि मुख्य म्हणजे तुमच्या फिल्मचा खर्च यांचं काय, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. वर ज्या अमेरिकन कार्यशाळेचा उल्लेख आला, तिथे अनेक वर्षं सहभागी दिग्दर्शिका आपल्या लघुपटाचा निधी स्वतःच उभा करत आल्या. याउलट रॉबर्ट रेडफर्ड यांच्या सनडान्स इन्स्टिट्यूटच्या १९८१ पासून चाललेल्या लॅबमध्ये स्वतःच्या पटकथेतले काही सीन नट घेऊन करून पाहायचे असतात, लोकांना दाखवायला नाही, चुका करून बघायला. दोन्हीकडे फी नाही, पण घरच्या हिशोबात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते आधी नियमांत शोधा.

आणखी तीन गोष्टी वाचून घ्या. कार्यशाळेत केलेल्या फिल्मची मालकी कुणाची, आणि ती महोत्सवांना कोण पाठवणार. हजेरी सलग हवी की टप्प्याटप्प्याने, कारण तुम्ही फ्रीलान्स आहात, त्या काळात दुसरं काम घेता येणार नाही. आणि प्रस्तावाची कथा दुसऱ्या कुणाची असेल तर लेखकाची लेखी परवानगी. तोंडी ‘कर की’ चालत नाही. तुमच्या लघुपटात उचललेलं गाणं असेल तर तेही आत्ताच बदला.

पाठवलेल्या फिल्मच्या लिंकचा पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नका. फाइलला डाउनलोडची परवानगी लागते का तेही पाहा. इंग्रजी सबटायटल फिल्मवरच बसवून द्या, वेगळ्या फाइलने गोंधळ होतो.

—

कंटिन्यूटी_वही:

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री रूम टोन शोधत बसले. तिसऱ्या सीनमध्ये बाई खिडकीशी उभी आहे, तिथे सलग ९ सेकंद मिळाले. दुसऱ्या सीनखाली अंथरून पाहिले आणि खरंच, तीन कट ऐकूच आले नाहीत. एडिटरला पत्राबद्दल विचारलं. ती लगेच हो म्हणाली, आणि ‘मला जे वाटतं तेच लिहीन’ असंही म्हणाली.

नियम पुन्हा वाचले. राहण्याची सोय आहे, प्रवास आपला. फिल्मच्या खर्चाचं स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून ईमेल करून विचारलंय.

निवेदनाची सुरुवात नव्याने लिहिली आहे. रागावू नका, पण कठोरपणे वाचा:

‘शेवटच्या सीनमध्ये ती नव्या मालकाच्या हातात चावी देते. शॉट लिस्टमध्ये मी चावीचा क्लोजअप ठेवला होता. आम्ही तो घेतला, चार टेक घेतले, आणि चौथा अचूक होता. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या फिल्ममध्ये चावी कुठल्या हातात आहे हेच पाहत आले आहे. एडिटिंगला बसले तेव्हा त्याच सीनचा वाइड शॉट पुन्हा पाहिला. त्यात मागे नव्या मालकांची मुलगी रिकाम्या खोल्यांमधून धावत होती. मी तिला धावायला सांगितलं नव्हतं. बाई चावी देता देता त्या पावलांचा आवाज ऐकते आणि तिचा हात क्षणभर थांबतो. मी क्लोजअप काढून टाकला. आता चावी कुठल्या हातात आहे ते नीट दिसतही नाही. त्या दिवशी मला कळलं की दिग्दर्शन म्हणजे काय दाखवायचं नाही हे ठरवणं.’

—

तिसरी_खेप:

हे तुमचं आहे. फक्त शेवटचं वाक्य काढून टाका, ते आधीच्या वाक्यात येऊन गेलंय. ‘नीट दिसतही नाही’ इथे थांबा आणि पुढच्या परिच्छेदात थेट सांगा की तुम्हाला काय येत नाही. मुलगी आपोआप धावली, यावेळी नशिबाने मिळालं. सेटवर असतानाच ते दिसावं म्हणून काय शिकायला हवं, तिथून सुरू करा.

—

कंटिन्यूटी_वही:

काढलं. दुसऱ्या परिच्छेदाला बसते. क्लोजअपचे चार टेक घेताना मी मॉनिटरवर फक्त हात पाहत होते, मुलगी फ्रेमच्या बाहेर पळत होती. तिथून सुरू करते.