मदत हवी आहे: तीन-चार वर्षांच्या मुलांना आयरिश संस्कृती कशी शिकवू?

मंडळी, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका प्रीस्कूलमध्ये नोकरीला लागून मला पाच महिने झाले. वर्गात अकरा पोरं, सकाळचे तीन तास. १ फेब्रुवारीला सेंट ब्रिजिड या आयरिश संत बाईंचा दिवस. २०२३ पासून त्याची सार्वजनिक सुट्टीही असते. त्या आठवड्यात 'आपला वारसा' घ्यायचा, असं ठरलंय आणि घ्यायचाय मी! वर्गातली चार मुलं आयरिश, बाकी पोलिश, ब्राझिलियन, एक केरळचा. सगळ्यात नवखी मीच.

नेटवर शोधलं की हिरव्या टोप्या आणि लेप्रेकॉन (आयरिश गोष्टींतले बुटके). ते १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी होणारच आहे, आत्ता नको.

ब्रिजिडचा क्रॉस करायचा म्हणून रविवारी ओल्या शेताच्या कडेने लव्हाळी आणली. (कापायची नाहीत, उपटायची, असं शेजारच्या आजींनी बजावलं होतं.) एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची, पाव फेरा फिरवायचा, पुढची अडकवायची, शेवटी चारी टोकं दोऱ्याने बांधायची. सहाव्या काडीला माझाच अंगठा निसटला आणि सगळं सुटलं. तीन वर्षांच्या बोटांना हे जमणार कसं? क्रॉस मी करायचे आणि मुलांनी फक्त घरी न्यायचे, हे मनाला पटत नाही.

दुसरं म्हणजे गोष्ट. लीरच्या मुलांची ही जुनी आयरिश दंतकथा सांगावी म्हणत होते, पण त्यात सावत्र आई चार भावंडांना हंस करून नऊशे वर्षं पाण्यावर ठेवते. आमच्या एका मुलाच्या घरी नुकतीच सावत्र आई आलीय. काय करू?

गोधडी: ताई, लीर राहू दे. मोठ्या वर्गात भेटेलच. फिन मॅक्कूल या आयरिश दंतकथेतल्या राक्षसाची सांग. समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडचा राक्षस समुद्रातल्या दगडी वाटेने भांडायला येतो, तो फिनपेक्षाही दांडगा. फिनची बायको नवऱ्याला टोपडं घालून पाळण्यात झोपवते. राक्षस बघतो, बाळ एवढं, तर बाप केवढा असेल! आणि धूम ठोकतो. तीन वर्षांच्या मुलाला 'मी आता बाळ नाही' हे रोज सिद्ध करायचं असतं. पाळण्यातला बाप्या बघून गडाबडा लोळतात.

बेसाल्ट: पळताना तो मागची वाट उखडत गेला, तिचं उरलेलं टोक म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवे. लाव्हा थंड होऊन झालेले सुमारे ४०,००० खांब, बहुतेक षटकोनी. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीची. षटकोनी ठोकळे असतील तर मुलांकडून वाट बांधून घ्या, पुढे मोडायलाही मजा.

कॉर्ककर: क्रॉससाठी पाइप क्लीनर (हस्तकलेच्या लवदार तारा) घ्या. दुमडलेला दुमडलेलाच राहतो, काडीसारखा उसळत नाही. लव्हाळी नुसती टोपलीत ठेवा, हाताळू दे, वास घेऊ दे. आणि 'ब्रत ब्रीजे', म्हणजे ब्रिजिडचं कापड, करा. ३१ जानेवारीच्या रात्री कापडाचा तुकडा बाहेर ठेवतात. रात्री ब्रिजिड जाता जाता त्याला हात लावते आणि मग ते कापड दुखण्याखुपण्यावर चालतं, अशी समजूत. प्रत्येकाने आपली चिंधी कुंपणाला बांधायची, नंतर सोडून आणायची. विणणं नाही, कापणं नाही. खेळताना गुडघा फुटला की वर्षभर तीच चिंधी मागतात, माझा अनुभव आहे.

आयरिश शब्दांचा वेगळा तास नको. खाऊच्या वेळी पाणी 'इश्का', दूध 'बान्या', निघताना 'स्लॉन'. बान्या म्हणताना आपल्यालाच हसू येतं, तेवढं सांभाळा.

गोधडी: अगं, ब्रिजिडच्या झग्याची गोष्ट विसरलेच! मठासाठी जागा मागितली तर राजा देईना. ती म्हणाली, माझा झगा झाकेल तेवढीच द्या. राजा हसून हो म्हणाला. चार मुलींनी चार टोकं धरून चार दिशांना धाव घेतली आणि झगा पसरतच गेला. किल्डेअरचं कराखचं माळरान ते हेच. आपल्या वामनाची बहीणच की! घडी केलेली नऊवारी ने आणि पोरांनाच धावू दे.

धागाकर्ती: तुम्ही सगळे थोर आहात. फिन, चिंधी आणि झगा नक्की. पाइप क्लीनर आजच आणते. ट्रंकेतली आईची जांभळी नऊवारी काढलीय. राजा हसायला हवा म्हणून रुमालाएवढी घडी करायला बसले, पण उशीपेक्षा लहान होतच नाहीये. काही युक्ती?